दरडीखालची गावे आणि मानसिक चाळणी-परीक्षा

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर पडलेल्या या वीराचा देह मढे घाटाने खाली उतरवून उमरठास आणला, अशी परंपरा असून त्यांची समाधी तेथे आहे. इतिहासाच्या अभ्यासकास एवढे पुरेसे व्हावे. परंतु मानसशास्त्राच्या अभ्यासकाने या परंपरेतील एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. देह घरी आला, त्यावर संस्कार झाले आणि त्या जागी खूण राहिली, हा तो तपशील होय. याच खोऱ्यांत अलीकडे झालेल्या मृत्यूंपैकी कित्येकांच्या बाबतीत यातले काहीच घडू शकले नाही.

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून वाडीच्या वाडी गाडली गेली व ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून जीवितहानी झाली, व सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. तळिये येथील शोधकार्य काही दिवसांनी थांबविण्यात आले तेव्हा अनेक देह मातीखालीच राहिले होते. यापूर्वी जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. पुढे जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीची तीच गत झाली. अशा प्रत्येक घटनेनंतर मदतसामग्रीपाठोपाठ एक नवी गोष्ट गावात पोहोचू लागली आहे, ती म्हणजे प्रश्नावली. विद्यार्थी येतात, स्वयंसेवक येतात, कागद भरून घेतात आणि जाता जाता चार शब्द सल्ल्याचे सांगतात. यातील प्रश्नावलीचे शास्त्र कोणते, आणि सल्ल्यातील धोका कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी. भयंकर प्रसंगानंतर मनाची घडी विस्कटते हे मानवजातीस पुरातन काळापासून ठाऊक आहे. त्यास रोगनाम मिळाले ते मात्र अलीकडे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांच्या अवस्थेचे वर्णन चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' मध्ये 'शेल शॉक' या नावाने केले. अशी माणसे भरतीच्या वेळीच ओळखता यावीत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ च्या सुमारास होय-नाही अशा उत्तरांची एक प्रश्नावली रचली. युद्ध संपत आल्यामुळे तिचा फारसा उपयोग झाला नाही. तरी आजच्या बहुतेक व्यक्तिमत्त्व-प्रश्नावल्यांची ती आजी होय. म्हणजे मानसिक चाळणी आणि आघात यांचे नाते जन्मापासूनचे आहे. 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान अमेरिकन मनोविकृतितज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेत १९८० साली दाखल झाले. त्या पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे त्यात लक्षणांचे चार गट मोजले जातात: प्रसंग पुन्हापुन्हा मनात घुसणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावना काळवंडणे, आणि सदैव सावध व दचकते राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली पाहिजेत व त्यांनी माणसाचे व्यवहार अडले पाहिजेत, अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात हेच निदान थोड्या लक्षणांत आटोपशीर मांडले असून, त्याच्या जोडीला 'दीर्घकालीन शोक विकृती' हे स्वतंत्र निदान आले आहे.

महिन्याची ही अट केवळ लेखनिकी नव्हे. दरड कोसळल्यानंतर पहिल्या आठवड्यात झोप न येणे, मातीचा वास येताच पोटात गोळा येणे, पावसाची सर वाढताच लहान मुलांस उराशी धरून बाहेर धावणे, या गोष्टी न घडल्या तरच आश्चर्य. त्यांपैकी बहुसंख्य माणसे काही आठवड्यांत, आप्तांच्या आधाराने आणि रोजच्या कामाच्या ओढीने, सावरतात. पाचव्या दिवशी प्रश्नावली भरून घेणारा अभ्यासक रोग मोजत नसतो. तो दुःख मोजत असतो, आणि त्याला रोगाचे नाव देत असतो.

आता चाळणी या शब्दाचा अर्थ नीट पाहू. धान्य चाळणारी बाई चाळणीवर उरलेल्या प्रत्येक गोष्टीस खडा म्हणत नाही. ती पुन्हा सुपात घेऊन निवडते. चाळणी-परीक्षेचे काम एवढेच की, ज्यांची सावकाश तपासणी करावयास हवी अशी माणसे वेगळी काढावी. निदान हे पुढचे व निराळे कार्य असून ते मुलाखतीने, पूर्वेतिहासाने व शारीरिक तपासणीने करावयाचे असते. डेव्हिड गोल्डबर्ग यांची १९७२ ची सामान्य आरोग्य प्रश्नावली, जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची स्वनिवेदन प्रश्नावली, किंवा आघातोत्तर तणावासाठी वापरली जाणारी ० ते ८० गुणांची वीस कलमी यादी, ही सर्व साधने या पहिल्या पायरीची आहेत. शेवटच्या यादीत साधारणतः ३१ ते ३३ हा छेदबिंदू सुचविला जातो. त्याच्या वर गुण पडले म्हणजे विकृती सिद्ध झाली, अशी समजूत पदव्युत्तर प्रबंधांतूनही आढळते. ती का चुकीची, हे थोड्या अंकगणिताने स्पष्ट होईल.

समजा, एका प्रश्नावलीची संवेदनक्षमता ८० टक्के व विशिष्टता ९० टक्के आहे. म्हणजे शंभर विकृतिग्रस्तांपैकी ८० जणांस ती अचूक पकडते व शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांस सोडून देते. ही प्रश्नावली आपण खोऱ्यातील १,००० प्रौढांस दिली आणि त्यांत खरोखरीचे विकृतिग्रस्त ५० आहेत असे मानले, तर ४० जण योग्यपणे वेगळे निघतील. परंतु उरलेल्या ९५० निरोगी जणांपैकीही ९५ जण चाळणीवर राहतील. एकूण १३५ जणांस 'आघातग्रस्त' असे म्हटले जाईल व त्यांतील सुमारे ३० टक्केच खरे असतील. आता तीच प्रश्नावली प्रत्यक्ष दरड पडलेल्या वाडीतील १०० जणांस द्या, व तेथे ४० जण विकृतिग्रस्त आहेत असे धरा. मग ३२ खरे व ६ खोटे असे ३८ जण निघतील, आणि निकालावर आपणांस बराच विश्वास ठेवता येईल. साधन तेच, छेदबिंदू तोच; परंतु तळिये येथे त्याने दिलेला कौल व काही कोस दूरच्या, दरड न पडलेल्या गावात त्याने दिलेला कौल यांचे मोल एक नाही. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यांतील तत्त्व मात्र कोणत्याही आकड्यांना लागू पडते.

याहून सूक्ष्म अडचण प्रश्नांच्या आशयात आहे, आणि ती या प्रदेशात विशेष जाणवते. 'आपण सतत धोक्याच्या सावध पवित्र्यात असता काय?' असा एक प्रश्न या याद्यांत असतो. ज्याच्या घरामागचा डोंगर दरडप्रवण म्हणून नोंदला गेला आहे, ज्यास दर पावसाळ्यात प्रशासनाकडून सुरक्षित जागी हलण्याची सूचना येते, तो शेतकरी आषाढात 'होय' म्हणाला तर ते लक्षण की शहाणपण? आघातोत्तर विकृतीची कल्पना अशी की, धोका टळून गेला आहे आणि मनास मात्र ते पटत नाही. येथे धोका टळलेलाच नसतो. तीच गोष्ट टाळाटाळीची. आगगाडीच्या अपघातातून वाचलेला माणूस आगगाडी टाळू शकतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याने डोंगर कसा टाळावा? त्याची वाट, त्याचे शेत आणि त्याची गुरे तेथेच असतात. त्यामुळे टाळाटाळीच्या कलमांस त्याला कमी गुण पडतील व सावधतेच्या कलमांस अधिक, आणि बेरीज खरी वाटूनही अर्थहीन ठरेल. एकाच माणसाची फाल्गुनातील व श्रावणातील उत्तरे ताडून पाहिल्याशिवाय पावसाची भीती कोठे संपते व विकृती कोठे सुरू होते, हे सांगता येणे कठीण आहे.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. इंग्रजी प्रश्नाचे शब्दशः मराठी रूपांतर करून ते पुन्हा इंग्रजीत उलटवून पाहिले की भाषांतर प्रमाणित झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. पण 'तुम्हांस भावनिक बधिरता जाणवते काय?' या वाक्याचे उत्तर कोणता मराठी माणूस देईल? आपल्या बोलीत यासाठी शब्दांची वाण नाही. 'धास्ती' पुढे येणाऱ्या संकटाची असते. 'धडकी' क्षणाची असते. 'धसका' मात्र होऊन गेलेल्या प्रसंगाचा, शरीरात मुक्काम करून राहिलेला असतो. 'तिने धसका घेतला' या तीन शब्दांत कारण, कालावधी व शारीरिक परिणाम यांचा निर्देश एकदमच येतो; मायर्सच्या संज्ञेपेक्षा ही संज्ञा अधिक नेमकी आहे असे आमचे प्रामाणिक मत आहे. धसक्याविषयी विचारणारा प्रश्न आणि आघातोत्तर विकृतीविषयी विचारणारा प्रश्न एकच गोष्ट मोजतात किंवा कसे, हा आपल्या विद्यार्थ्यांस हाती घेण्याजोगा संशोधनविषय आहे.

महाराष्ट्रात अशा अभ्यासाची परंपरा अगदीच नाही असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वाचलेल्यांची मनोवैद्यकीय तपासणी झाली व तिचे प्राथमिक निवेदन १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअॅट्री' मध्ये प्रसिद्ध झाले. लहानशा गटाच्या त्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांत निदान करण्याजोगी विकृती आढळली. आणि तेथे आघातोत्तर तणावाइतकेच तीव्र खिन्नतेचेही प्राबल्य होते. हे ध्यानात ठेवले पाहिजे. आघाताची प्रश्नावली हाती घेऊन गेलेल्यास आघातच दिसतो, आणि शेजारच्या ओटीवर मुकाट बसलेली खिन्नता, वाढलेले मद्यपान किंवा पतीच्या मृत्यूनंतर हप्ते फेडण्याची विवंचना त्याच्या रकान्यांत बसत नाही.

देह न सापडलेल्यांच्या आप्तांचा प्रश्न तर सर्वांहून निराळा आहे. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखास 'संदिग्ध वियोग' असे म्हटले आहे. माणूस गेला हे बुद्धीस कळते, परंतु गेल्याचा पुरावा डोळ्यांपुढे नसतो, आणि शोक सुरू होण्यासच वाट मिळत नाही. आपल्या धर्मशास्त्राने ही अवस्था फार पूर्वी ओळखली होती. देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी सांगितला आहे, तो याच कारणाने. तो केल्याने विकृती टळते असे कोणी सिद्ध केलेले नाही, व तसा दावा येथे करावयाचा नाही. पण शोकाकुल माणसास 'आता विधी वगैरे कशाला, पुढचे पाहा' असे सांगणाऱ्या सुशिक्षिताने आपण काय काढून घेत आहोत याचा विचार करावा.

येथून आपण सल्ल्याच्या प्रांतात येतो. खेड्यातील दुःखितास सल्ल्याची वाण कधीच नसते. देवऋषी अंगारा देतो. मुंबईचा चाकरमानी भाऊ फोनवरून झोपेच्या गोळीचे नाव सांगतो. शेजारी संध्याकाळी 'थोडी घे, झोप लागेल' म्हणतो. आणि शहरातून आलेला तरुण म्हणतो, 'मनातले सगळे बोलून टाका, मोकळे व्हाल.' या चौघांत शेवटचा सर्वांत शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याचीच परीक्षा प्रथम करू. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सर्व प्रसंग तपशीलवार वदवून घेण्याची पद्धत जेफ्री मिशेल यांनी १९८३ साली अग्निशामक व तत्सम सेवकांसाठी मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे तिची नियंत्रित प्रयोगांनी परीक्षा झाली. रिचर्ड मेयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली रस्ते-अपघातांतील जखमींचा तीन वर्षांनंतरचा वृत्तांत दिला. आरंभी ज्यांची लक्षणे तीव्र होती, त्यांपैकी ज्यांना हा उपाय मिळाला ते तसेच त्रस्त राहिले. ज्यांना मिळाला नाही ते सुधारले. त्यानंतरच्या कॉक्रेन समालोचनातही या एकबैठकी पद्धतीचा लाभ दिसला नाही, हानीची शक्यता मात्र दिसली. 'बोलून मोकळे व्हा' हा निरुपद्रवी वाटणारा उपदेश म्हणजे, ऐकणारा दुसऱ्या दिवशी परत येणार नसेल तर, जखमेची पट्टी सोडून निघून जाण्यासारखे आहे. बोलू इच्छिणाऱ्याचे ऐकावे. न बोलणाऱ्यास खोदून विचारू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराचे जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचा गाभा जवळपास इतकाच आहे.

झोपेच्या गोळीचे म्हणावे तर, अल्प्राझोलामसारखी बेन्झोडायाझेपीन वर्गातील औषधे आघातोत्तर विकृती टाळत नाहीत. संघटनेच्याच २०१३ च्या मार्गदर्शनात आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तीव्र तणावासाठी ती देऊ नयेत असे म्हटले आहे. त्यांची सवय जडते, आणि मद्याबरोबर घेतल्यास श्वसन मंदावून जीव धोक्यात येतो. आपल्या कायद्याप्रमाणे ती डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. पण घरातील उरलेली पट्टी शेजारच्या घरी जाते, तिला चिठ्ठी लागत नाही.

या बाबतीत महाडच्या भूमीतूनच एक बोधप्रद उदाहरण मिळते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ पासून 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध होत गेली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशात प्राण वाचविते हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली ते 'लॅन्सेट' मधून जगापुढे आले. हेच प्राझोसिन पुढे अमेरिकेत आघातोत्तर विकृतीतील दुःस्वप्नांवर वापरून पाहण्यात आले व आरंभीच्या लहान प्रयोगांत आशादायक ठरले. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३०४ माजी सैनिकांवरील मोठ्या नियंत्रित प्रयोगात त्याचा निष्क्रिय गोळीहून अधिक गुण दिसला नाही. आता कल्पना करा: विंचवाचे औषध म्हणून या भागात ज्याची ख्याती आहे, तेच वाईट स्वप्नांवरही चालते असे कोणी अर्धवट वाचून आला, आणि दरडग्रस्त वृद्धेस त्याने ते सुचविले. पहिल्याच मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येणे हा या औषधाचा परिचित दोष आहे. रात्री उठताना ती पडली व मांडीचे हाड मोडले, तर सल्ला देणाऱ्याचे नावही कोणत्या केसपेपरावर आढळणार नाही. सल्ल्यातील माहिती सर्वस्वी खोटी होती असे नव्हे. ती अपुरी होती, जुनी होती, आणि समोरच्या माणसास तपासून दिलेली नव्हती. बावस्करांनी खाटेशेजारी बसून रुग्णाची नाडी व रक्तदाब वारंवार नोंदला, मग औषध दिले. आपला हितचिंतक औषध आधी सांगतो, व नोंद कोणीच करीत नाही.

तज्ज्ञ नसलेल्याने काहीच करू नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पोलादपूरहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तेथवर प्रत्येकाने जावे असे म्हणणे म्हणजे कोणीच जाऊ नये असे म्हणण्यासारखे आहे. गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोवैद्यक नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकडून खिन्नता व चिंता यांवर उपचार घडवून आणले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' मध्ये आले, आणि सरकारी केंद्रांतील रुग्णांस त्याचा लाभ झाल्याचे दिसले. तेथील समुपदेशक अनौपचारिक नव्हता. त्यास ठराविक शिक्षण होते, मागे डॉक्टर व मनोविकृतितज्ज्ञ होते, आणि तो त्याच रुग्णास पुन्हा भेटत होता. गावातील आशा-सेविका यातील बरेच काही करू शकेल. चार दिवसांच्या दौऱ्यावरील संशोधक विद्यार्थी, त्याची पदवी कितीही मोठी असो, करू शकणार नाही.

विल्सन व युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-परीक्षेची जी तत्त्वे घालून दिली, त्यांत एक अट अशी आहे की, पुढील निदान व उपचार यांची सोय उपलब्ध असली पाहिजे. ही अट आपल्या क्षेत्रकार्यास लावली, तर कित्येक पाहण्या सुरूच करता येणार नाहीत, आणि ते इष्टच होय. अनेक सामान्य प्रश्नावल्यांत जीव नकोसा वाटण्याविषयी एक कलम असते. त्यास 'होय' असे उत्तर आले, तर कागद घडी करून पिशवीत ठेवता येत नाही. त्या माणसाजवळ त्या रात्री कोण झोपेल, घरातील कीटकनाशकाची बाटली कोठे हलविली जाईल, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास कोण कळवील, हे पाहणीस निघण्यापूर्वी ठरलेले असावयास हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असावा. त्याबरोबरच डोंगराच्या कुशीतील वाडीवर फोनची रेंज नेमकी कोठे मिळते, हेही त्याने पहिल्याच दिवशी चालून पाहिलेले असावे.

आपल्या विभागातून यापुढे या खोऱ्यांत जो अभ्यासगट जाईल, त्याच्या नमुना-अर्जात दोन रकाने वाढवावेत अशी आमची सूचना आहे. प्रत्येक मुलाखतीच्या तारखेशेजारी त्या दिवशी पाऊस किती होता व प्रशासनाचा इशारा कोणता होता, याची नोंद असावी. आणि त्याखाली, पुढील भेटीस कोण व कोणत्या दिवशी येणार, ते त्या घरातील माणसांसमक्ष लिहून त्याची एक प्रत त्यांच्याजवळ ठेवावी.